तरुण मुलगे, तरुण मुली आणि हृदयविकार : आपण कुणाला काय विचारतो?

(महाड येथे चवदार तळ्याजवळ झालेल्या आरोग्यविषयक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत आणि बायका मागे भिंतीला टेकून उभ्या आहेत. कृपा करून पुढे या. आजचं निम्मं बोलणं तुमच्याशीच आहे, आणि माईक असला तरी मागे नीट ऐकू येत नाही.

मी फिजिशियन आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकते. वीस-बावीस वर्षं महाड आणि पोलादपूर तालुक्यांतले पेशंट बघते आहे. संयोजकांनी मला विषय दिला, ‘तरुणांमधले वाढते हृदयविकार’. मी विचारलं, तरुणांमधले म्हणजे कुणामधले? ते म्हणाले, तरुणांत मुलीही आल्याच की. आल्या खऱ्या. पण बाहेर जो बॅनर लावलाय, त्यावर छाती धरून बसलेला माणूस पुरुषच आहे. बॅनर छापणाऱ्याचा दोष नाही. माझ्याही डोक्यात बरीच वर्षं तेच चित्र होतं आणि त्या चित्रापायी माझ्या हातून एक चूक झाली. तिथूनच सुरुवात करते.

तेव्हा मी नवीन होते, एका रुग्णालयात रात्रपाळीला होते. चौतीस वर्षांची एक बाई नवऱ्याबरोबर आली. तक्रार काय, तर दुपारपासून ढेकर येताहेत, मळमळतंय, दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठ भरून आलीय आणि जिना चढताना दम लागला. घरात लग्न होतं, चार दिवस राबली होती. छातीत दुखतंय असं ती म्हणाली नाही. ‘छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतं’ असं म्हणाली. रक्तदाब थोडा जास्त होता, तो मी लग्नघरच्या दगदगीवर ढकलला. ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. ईसीजीचं मशीन माझ्यापासून दहा पावलांवर होतं. त्याच रात्री चाळिशीचे एक गृहस्थ छातीत चमक येते म्हणून आले होते, त्यांचा ईसीजी मी पाच मिनिटांत काढला होता. तो नॉर्मल निघाला. बाई पहाटे परत आली ती घामाने भिजलेली. त्या वेळी काढलेल्या ईसीजीत मोठा झटका स्पष्ट दिसत होता.

ती वाचली. आजही माझ्याकडे येते. पण हृदयाची ताकद निम्म्यावर आली. भरलेली कळशी उचलत नाही, नमाज खुर्चीवर बसून पढते. मला तिने कधी एका शब्दाने बोल लावला नाही. पुढे तिचे जुने कागद मागवले तेव्हा कळलं, पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात रक्तदाब वाढला होता, पायांना सूज होती, लघवीतून प्रथिनं जात होती. दुसऱ्या खेपेला साखर वाढलेली, मूल चार किलोच्या वर. सगळं निळ्या शाईत लिहून ठेवलेलं होतं. मी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर विचारलं असतं, तरी त्या दोन बाळंतपणांचा आणि हृदयाचा संबंध त्या रात्री माझ्या डोक्यात आला असता की नाही, याची मला आजही खात्री नाही.

दुसरी गोष्ट घरातली. माझा मामेभाऊ कुवेतला ड्रायव्हर होता. अंगाने काटक, पोट म्हणून नाही. छत्तिसाव्या वर्षी खोलीत झोपला तो उठलाच नाही. मामी अजून म्हणते, “त्याला काही नव्हतं गं.” काही नव्हतं म्हणजे काही कळलेलं नव्हतं. घरातले सगळे कागद आम्ही काढले. साखर किती, रक्तदाब किती, कोलेस्टेरॉल किती, एकही आकडा कुठे लिहिलेला सापडला नाही. सापडले ते ‘मेडिकल फिट’चे शिक्के.

एकाला कुणी नीट मोजलंच नव्हतं. दुसरीला मोजून, लिहून ठेवलं होतं, पण ते कुणी वाचलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, पुढे सांगणार तो त्याचा तपशील.

आधी पुरुषांचं सांगते, कारण बॅनर अगदीच खोटा नाही. २००४ साली ‘इंटरहार्ट’ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बावन्न देशांतल्या रुग्णांचा तो अभ्यास. त्याचे प्रमुख डॉ. सलीम युसूफ मूळचे केरळचे, आता कॅनडात असतात. त्यात दिसलं की पहिला हार्ट अटॅक स्त्रियांना पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षं उशिरा येतो. आपल्या भारतीय उपखंडातल्या माणसांना तो इतरांपेक्षा लवकर, सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो. बाकीच्या जगात हे वय एकोणसाठच्या आसपास होतं. आणि कारणं मात्र सगळीकडे तीच, बाईला तीच आणि पुरुषाला तीच. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, मनावरचा ताण, हालचालीचा अभाव अशा नऊ गोष्टींत जवळजवळ सगळा धोका मावतो. नशिबाच्या खात्यात टाकायला फार थोडं उरतं.

आता यातली तंबाखूच घ्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पंधरा वर्षांवरच्या ३८ टक्के पुरुषांनी आपण तंबाखू वापरतो असं सांगितलं, स्त्रियांत हे प्रमाण ९ टक्के. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. बंदी आहे, हे मला एमआयडीसीच्या गेटसमोरच्या टपऱ्यांकडे बघून दर वेळी नव्याने आठवावं लागतं. रात्रपाळी, चहा, वडापाव, पुडी, पाच तास झोप. हे पंचविशीत अंगाला लागत नाही असं वाटतं. लागत असतं, दिसत नाही.

मग मुलगे तपासायला का येत नाहीत? बायका निदान बाळंतपणासाठी दवाखान्याची पायरी चढतात. अठरा ते पस्तीस वयाचा मुलगा माझ्याकडे येतो तो तापासाठी, मोटारसायकलवरून पडला म्हणून, नाहीतर आखाताच्या मेडिकलच्या आदल्या आठवड्यात. त्या मेडिकलचा मुख्य भर संसर्गजन्य आजारांवर असतो, आणि मुलाच्या मनात भीती एकच, ‘अनफिट’ येईल. एजंटला पैसे दिलेले असतात, घरात बहिणीचं लग्न ठरलेलं असतं. मग रक्तदाब जास्त लागला की तो मला विचारतो, दोन दिवसांत उतरवणारी गोळी द्या ना. दोन दिवस उतरतो, शिक्का बसतो आणि मुलगा ती गोळी मुंबई विमानतळावर विसरतो. याबद्दल मला त्याचा राग येत नाही. त्याच्या घरच्यांनी त्याच्या रक्तदाबापेक्षा त्याच्या व्हिसाची चौकशी जास्त वेळा केलेली असते.

इथे एक गोष्ट मध्येच सांगते, कारण प्रश्न हमखास येतो. कोविडची लस घेतल्यामुळे तरुण मुलं अचानक मरताहेत, असे व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या फोनवर फिरतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशातल्या ४७ रुग्णालयांतून अठरा ते पंचेचाळीस वयाच्या, धडधाकट दिसणाऱ्या आणि अचानक मेलेल्या माणसांचा अभ्यास केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीमुळे धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. आढळलं ते हे : कोविडमुळे पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावं लागलेलं असणं, घराण्यात असा अचानक मृत्यू झालेला असणं, मरणाच्या आधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू किंवा नशा, किंवा एकदम अंगाबाहेरचे कष्ट. घराण्यातला मृत्यू हा मुद्दा लक्षात ठेवा. माझ्या मामेभावाच्या मयतीनंतर त्याच्या दोन्ही धाकट्या भावांची तपासणी व्हायला हवी होती. ती व्हायला चार वर्षं गेली, आणि मी घरातली डॉक्टर आहे.

‘तो बारीक होता, त्याला कसं काय?’ हा दुसरा हमखास प्रश्न. याचं उत्तर आपल्या पुण्यातूनच आलंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता. दोघांची उंची-वजनाची पट्टी, म्हणजे बीएमआय, अगदी सारखी, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के. आपण भारतीय काट्यावर बारीक आणि आतून जाड असतो. विशेषतः पोटात.

याच याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत एक काम चालवलंय. लग्न झालेल्या बायकांची नोंद केली, त्या गरोदर राहिल्या की खाणं, वजन, साखर मोजली, मग बाळं मोजली आणि ती बाळं मोठी होताना पुन्हा पुन्हा मोजत राहिले. जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या बाळांपेक्षा पुष्कळ हलकी. पण हलकी होती ती मांस आणि अवयव यांत. कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे ही मुलं अठरा वर्षांची झाली. शेतकऱ्यांची मुलं, त्यांतली कितीतरी वजनाने कमीच. तेव्हा साखर तपासली तर मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर ठरलेल्या मर्यादेच्या वर निघाली. बहुतेकांना मधुमेह झालेला नव्हता, ते त्याच्या उंबरठ्यावर होते. अठराव्या वर्षी! आणि मुलगे मुलींच्या दुप्पट.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला मामेभाऊ आठवला. आपल्या भागात मुलाला दुधाची साय, मुलीला उरलंसुरलं, ही रीत अजून गेलेली नाही. तरी मुलगेच पुढे. याचं सगळं कारण एका वाक्यात सांगता येणार नाही. पण त्या अभ्यासातून एक धागा मिळाला तो असा की, ज्या मातांची गरोदरपणातली उपाशीपोटीची साखर जरा वरच्या अंगाला होती, त्यांच्या मुलांत हे जास्त दिसलं, आणि त्यातल्या फार थोड्या मातांना गरोदरपणातला मधुमेह म्हणता आला असता. म्हणजे मुलग्याची कहाणीसुद्धा त्याच्या आईच्या केसपेपरापासून सुरू होते. आपण दोघांचे कागद वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवतो एवढंच.

मग मुली सुरक्षित का? अठराव्या वर्षी त्या मागे असतात, हे खरं. पुढे काय होतं बघा. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात कंबर आणि नितंब यांचं प्रमाण मोजलं होतं. धोक्याच्या रेषेवर असलेल्या स्त्रिया ५७ टक्के, पुरुष ४८ टक्के. रेषा दोघांची वेगळी आहे, हे मान्य करूनही चित्र उलटलेलं दिसतं. आता मधे काय घडलं? लग्न झालं, एक-दोन बाळंतपणं झाली, शाळा-कॉलेजला जाताना होत होती तेवढी चालही बंद झाली. आमच्या कोकणी मुसलमान घरांतली सूनबाई आणि पोलादपूरच्या वाडीवरची सूनबाई, दोघींची गोष्ट इथे सारखीच आहे. नवरा मुंबईला किंवा आखातात, सासू-सासऱ्यांची पथ्यं वेगळी, मुलांचे डबे वेगळे. स्वतः मात्र दुपारी तीनला उरलेला भात, आणि मधल्या वेळी गोड चहा अन् खारी. पोट भरतं. त्यात प्रथिनं कमी, लोह कमी, साखर आणि तेल जास्त.

इथे कुणीतरी वडीलधारे पुरुष हटकून म्हणतात, पूर्वीच्या बायका जात्यावर दळायच्या, लांबून पाणी आणायच्या, म्हणून ठणठणीत होत्या. हे मला मान्य नाही. त्या बायका चाळिशीत म्हाताऱ्या दिसत होत्या, बाळंतपणात मरत होत्या, आणि मेल्यावर कुणी त्यांचा रक्तदाब काय होता हे विचारत नव्हतं. नळ आला, गॅस आला, हे चांगलंच झालं. बाईची चाल हवी असेल तर तिच्या डोक्यावर हंडा ठेवण्याची गरज नाही.

बाळंतपणाबद्दल आता थोडं सविस्तर बोलते, कारण या सगळ्यात सर्वांत कमी वापरलं जाणारं हत्यार तेच आहे. गरोदरपण ही निसर्गाने घेतलेली हृदयाची आणि साखरेची परीक्षा आहे. नऊ महिने हृदयाला जास्त रक्त फिरवावं लागतं, शरीराला जास्त इन्शुलिन तयार करावं लागतं. ज्या बाईचा त्या काळात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिनं जातात, तिला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. जिची साखर त्या काळात वाढते, तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता कितीतरी पट, काही अभ्यासांत सात पट, काहींत त्याहून जास्त दिसते. बाळ झालं की साखर उतरते, रक्तदाब उतरतो, घरात बारसं किंवा अकीका होतो, आणि सगळे म्हणतात, गेलं एकदाचं. गेलेलं नसतं, थांबलेलं असतं.

सरकारी दवाखान्यातसुद्धा ही तपासणी सोपी आहे. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, जेवलेलं असो की नसो, आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर १४० किंवा त्याच्या वर आली की गरोदरपणातला मधुमेह धरायचा. ही पद्धत चेन्नईच्या डॉ. शेषय्यांनी रुजवली, कारण लांबच्या खेड्यातून उपाशीपोटी येणारी गरोदर बाई दुसऱ्यांदा येतच नाही हे त्यांना माहीत होतं. पोलादपूरच्या घाटातल्या वाड्यांवरून येणाऱ्या बायकांना हे मी वेगळं समजावून सांगायला नको. अशी साखर निघालेल्या बाईची बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी व्हायला हवी आणि नंतर वर्षातून एकदा. सहा आठवड्यांनी ती दवाखान्यात येतेही. बाळाच्या लशीसाठी येते. बाळाच्या मांडीला सुई टोचली जाते, कार्डावर तारीख पडते आणि त्याच कार्डाच्या आधीच्या पानावर तिची स्वतःची साखर लिहिलेली असते, ते पान कुणी उलटत नाही. बाई समोर उभी आहे, कार्ड हातात आहे, सुईसुद्धा तयार आहे. माझ्या दवाखान्यात आता नियम आहे, पन्नास वर्षांखालच्या कुठल्याही बाईला आम्ही दोन प्रश्न विचारतोच, गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का, साखर वाढली होती का. तिला आठवत नसेल तर सासूला किंवा आईला फोन लावतो.

ज्या मुलींची पाळी दोन-दोन महिने येत नाही, चेहऱ्यावर केस येतात, वजन वाढतं, त्यांच्या आयाही इथे असतील. पीसीओएस म्हणतात ते. आपण त्याकडे लग्नाच्या आणि मुलांच्या नजरेतून बघतो. ‘मूल होईल ना डॉक्टर?’ हा पहिला आणि शेवटचा प्रश्न. मूल बहुधा होतं, उपचार आहेत. पण तो साखरेचा आजारही आहे. त्या मुलीची साखर विशीतच तपासायची असते, तिच्या लग्नाची वाट बघत थांबायचं नसतं.

बाईला निसर्गाने दिलेली ती नऊ वर्षांची सवलत मी मघाशी सांगितली. मधुमेह झाला की ती सवलत बरीचशी संपते. चौसष्ट अभ्यास एकत्र करून, साडेआठ लाखांहून जास्त माणसांची माहिती तपासून २०१४ साली हे मांडलं गेलं : मधुमेहामुळे पुरुषाचा हृदयविकाराचा धोका जेवढ्या पटीने वाढतो, त्याच्यापेक्षा बाईचा चाळीस टक्क्यांहून जास्त पटीने वाढतो. सिगारेटचंही तसंच, ओढणाऱ्या बाईला जास्त महाग पडते. आपल्या बायका सिगारेट ओढत नाहीत, म्हणाल. मशेरी लावतात की. दात साफ होतात म्हणून लावतात, संडासला होतं म्हणून लावतात आणि सर्वेक्षणवाल्याने विचारलं की तंबाखू खात नाही म्हणून सांगतात.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. हल्ली सगळे एचबीएवनसी करून घेतात, तीन महिन्यांची सरासरी साखर. चांगली तपासणी आहे. पण देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, पुरुषांत हे २५ टक्के. शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा खोटाच वर जाऊ शकतो. काही दुसऱ्या रक्ताच्या आजारांत तो खोटाच खाली येतो. म्हणून तरुण बाईच्या बाबतीत त्या एकाच कागदावर विश्वास ठेवू नका. उपाशीपोटीची आणि दोन तासांनंतरची साखर बघा, सोबत हिमोग्लोबिन बघा. मधुमेह नसताना मधुमेहाचा शिक्का बसलेल्या दोन मुली माझ्याकडे आल्या होत्या. एकीचं लग्न मोडलं होतं.

रमजानबद्दल थोडक्यात. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर महिनाभर आधी या. कुणी रोजे ठेवू शकेल, कुणाला गोळीची वेळ आणि मात्रा बदलून ठेवता येतील, कुणी ठेवू नयेत. पुरुष निदान विचारतात. बायका सगळ्यांची सहरी रांधून, कुणाला न सांगता गोळी बंद करून रोजे ठेवतात आणि दहाव्या दिवशी चक्कर येऊन पडल्यावर माझ्याकडे आणल्या जातात.

आता झटका आला हे ओळखायचं कसं. बाईलाही बहुतेक वेळा छातीतच दुखतं, हे नीट ऐका, कारण ‘बायकांची लक्षणं वेगळी’ असं नुसतं सांगितलं की लोक छातीचं दुखणं सोडून देतात. पण तिच्यात त्याच्या जोडीला धाप, मळमळ, पाठ, मान, जबडा, विलक्षण थकवा हे जास्त असतं, आणि ती सांगताना तेच आधी सांगते. ‘जरा बरं वाटत नाही’ म्हणते. त्यातही नवरा परगावी, गाडी दिराची, सासऱ्यांना विचारायचं, पोरांना कुणाकडे ठेवायचं, यात दोन तास जातात. पुरुषाच्या छातीत दुखलं की घर रस्त्यावर येतं. दवाखान्यात पोचल्यावर दहा मिनिटांच्या आत ईसीजी झाला पाहिजे, हा जगभरचा नियम आहे, आणि तो वय-लिंग बघत नाही. तो मागा. ‘डॉक्टर, ईसीजी काढाच’ असं म्हणा. माझ्यासारखी एखादी नवीन डॉक्टर समोर असेल तर नक्कीच म्हणा. मोठं हृदयरुग्णालय लांब आहे म्हणून घाबरून जाऊ नका. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, पण ते लवकर दिलं तर. १०८ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असतो. चुलीवरचं उतरवून ठेवायलासुद्धा थांबू नका.

चालण्याबद्दल बोलायचं राहिलं. मी संध्याकाळी कधी कधी इथे तळ्याकडे येते. फिरणारे पुरुष दिसतात, बाकावर बसलेले म्हातारे दिसतात. आमच्या मोहल्ल्यातल्या मुली दिसत नाहीत, दिसल्याच तर दुकानात निघालेल्या असतात. पुरुषाला चालताना कुणी विचारत नाही कुठे निघालास. बाईला प्रत्येक कोपऱ्यावर सांगावं लागतं. या तळ्याचा इतिहास तुम्ही मला शिकवाल इतका तुम्हाला पाठ आहे. मुंबईच्या विधिमंडळात सी. के. बोल्यांचा, चुकले, सीताराम केशव बोल्यांचा म्हणजे रावबहादूर एस. के. बोले यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं केलं १९२४ साली. आणि तरी पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, तेही डोकी फोडून घेऊन. त्या दिवशी मार खाणाऱ्या काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला आणि डिसेंबरातल्या परिषदेला जागा कुणी देईना तेव्हा फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जागा दिली, हे आपण अभिमानाने सांगतो, सांगावंच. त्या परिषदेनंतर बाबासाहेबांनी बायकांपुढे वेगळं भाषण केलं होतं. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते, माझ्या मामेभावाच्या वयाचे. पुढे त्यांना स्वतःला मधुमेहाने किती छळलं हेही आपल्याला माहीत आहे.

कागदावर खुलं आणि पायाला बंद, असे रस्ते या गावात अजून आहेत. मला इथल्या मुलींसाठी जिम नको, वेगळा बगीचा नको. संध्याकाळी सहा ते सात पाच-सहाजणी मिळून चालायला लागल्या आणि त्यांच्या सासऱ्यांनी विचारलं नाही, तर माझं निम्मं काम होईल. तीस मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. बुरखा असला तरी चालता येतं, चप्पल मात्र नीट हवी.

बाहेर दोन टेबलं आहेत. एका टेबलावर रक्तदाब आणि टेप, कंबर मोजायची. पुरुष नव्वद सेंटिमीटर, बाई ऐंशी, त्याच्या वर असेल तर पुढच्या टेबलावर जा. टेप आमची नर्स धरेल, बायकांसाठी पडदा लावलाय. पुरुषांनी पोट आत घेऊ नये, ती ओळखते. बायकांनी बाळंतपणाची कार्डं आणली असतील तर ती माझ्याकडे द्या, मुलं मोठी झाली असली तरी.

मघाशी ज्या बाईची गोष्ट सांगितली, तिचं ते चार किलोचं बाळ आता पंचवीस वर्षांचं आहे. हे मी त्याच्या परवानगीने सांगते आहे. पुढच्या महिन्यात तो दोहाला निघालाय. काल आईला घेऊन आला होता, मी आईबरोबर त्याचाही रक्तदाब घेतला. १४६ वर ९४. पुन्हा घेतला, तेवढाच. मला म्हणाला, “बाजी, मेडिकल झालं की गोळी सुरू करतो.” त्याची आई खुर्चीवर बसली होती, ती काही बोलली नाही. नुसतं त्याच्याकडे बघत होती. आज सकाळी तो उपाशीपोटी रक्त देऊन गेला. रिपोर्ट संध्याकाळी येईल.